बोटीच्या पोटाला मोरपंखी रंग

शेठच्या जावयाला पाण्याबद्दल एवढंच माहीत होतं की ते त्याच्या गॅलरीतून दिसतं. माजिवड्याला एका टॉवरात बऱ्याच वरच्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता. तिथून खाडीची एक पट्टी दिसायची, आणि ती बघता बघता एका रविवारी त्याला सुचलं की आपल्या कारखान्याने बोटींचा रंग काढावा. सोमवारी सकाळी तो लॅबमध्ये येऊन म्हणाला, "मॅडम, मरीन सेगमेंट. आपल्याला तिथे असायला पाहिजे."

आमचा कारखाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत, छोटासाच. पाण्याच्या टाक्या, पाइप, शेडचे पत्रे यांचे रंग आम्ही करायचो. मी तिथली केमिस्ट. कॉलेजमधून बाहेर पडल्या पडल्या शेठनी मला ठेवून घेतलेलं, आणि रंग कसा तपासायचा हे त्यांनीच मला शिकवलेलं. डब्यात सगळेच रंग चांगले दिसतात, असं ते म्हणायचे. पुढे त्यांचे गुडघे गेले, लेकीचं लग्न झालं आणि जावई डायरेक्टर झाला. त्याआधी तो मोबाइलची कव्हरं विकायचा. त्यात कमीपणा काही नाही. पण मोबाइलचं कव्हर आणि रंग यांत काही फरक असतो, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

बोटीच्या पाण्याखालच्या भागाला लावायचा रंग ही निराळीच चीज आहे. खाऱ्या पाण्यात बोट उभी राहिली की आधी तिच्या पोटाला बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ धरतं, आणि मग चुन्याच्या कवचाचे बारीक जीव येऊन चिकटतात. त्यांना बार्नॅकल म्हणतात. सुरुवातीला तांदळाच्या कणीएवढे असतात. बघता बघता नखाएवढे होतात, आणि कडा अशा की हात फिरवला तर रक्त येतं. बोट जड होते, डिझेल पिते, वळत नाही. हे होऊ नये म्हणून त्या रंगात तांब्याची लालसर भुकटी घालतात. रंग पाण्यात हळूहळू झिजतो, तांबं सुटत राहतं आणि त्या जीवांना तिथे बसवत नाही. म्हणजे घरच्या भिंतीचा रंग जितका टिकेल तितका चांगला, आणि हा मात्र ठरलेल्या वेगाने झिजला तरच चांगला.

हे सगळं मी जावयाला नीट समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "कॉपर म्हणजे पोल्युशन, मॅडम. महागही आहे. आपण नीम टाकू."

"काय टाकू?"

"कडुनिंब. ऑरगॅनिक. साबणात चालतो, टूथपेस्टमध्ये चालतो."

"टूथपेस्ट कोणी चार महिने खाडीत बुडवून ठेवत नाही, सर."

तो हसला. त्याच्या हसण्यात एक दयाळूपणा असायचा, जुन्या वस्तूंकडे बघताना माणसाच्या चेहऱ्यावर येतो तसा. मग त्याने मोबाइलवर एक निळा-हिरवा चौकोन दाखवला. मोरपंखी. रंगाचा रंग आधी ठरलेला होता. आता त्या रंगाने काय करायचं, हे शोधणं माझं काम.

तांब्याची भुकटी लाल असते, त्यामुळे पुरेशी घातली तर मोरपंखी येत नाही. म्हणून त्याने तांबं चिमूटभर ठेवायला लावलं, डब्यावर लिहिता यावं इतकंच. निंबाचं तेल घातल्यावर रंग वाळेना. नमुन्याच्या फळीवर, म्हणजे पॅनेलवर, रंग लावून अंगठा टेकवला की ठसा उठायचा. तो म्हणाला, ड्रायर वाढवा. वाळवणारं ते रसायन मी वाढवलं. मग रंग वरून वाळला आणि आतून ओलाच राहिला, फसलेल्या केकसारखा. एवढ्यावर त्याने डब्याचं डिझाइन करून घेतलं. त्यावर एक डॉल्फिन होता. आमच्या खाडीत डॉल्फिन बघायला कोण जाणार होतं कोणास ठाऊक.

मग चाचणी. माझं म्हणणं साधं होतं: पावसाळा संपू द्या, आणि ठाण्याच्या पुढे जिथे पाणी चांगलं खारं आहे तिथे पॅनेल टांगू. पावसाळ्यात नदीचं पाणी भरून येतं, खाडी जवळजवळ गोडी होते, आणि वरच्या अंगाला तर बार्नॅकल धरतच नाहीत. तेव्हा बोटीला रंग लावा नाहीतर खोबरेल लावा, सारखंच.

"दिवाळीनंतर एक्झिबिशन आहे," तो म्हणाला. "मला फोटो आत्ता पाहिजेत. कल्याणला खाडी आहे ना? जवळ आहे. तिथे टांगा."

"तिथे या दिवसांत जलपर्णी वाहते, सर. ती गोड्या पाण्यातच जगते."

"पाणी ते पाणी, मॅडम."

भर पावसात आम्ही कल्याणच्या बंदरावर गेलो. फायबरची पॅनेलं नायलॉनच्या दोरीने एका जुन्या तराफ्याखाली सोडली. मी त्यांच्यात एक बिनरंगाचं, कोरं पॅनेलही बांधलं. त्याशिवाय चाचणीला अर्थ नाही. औषध घेतलेला रोगी बरा झाला हे सांगायला, न घेतलेल्याचं काय झालं तेही बघावं लागतं. जावई छत्रीखाली उभा राहून व्हिडिओ काढत होता आणि बोलत होता, "लाइव्ह फ्रॉम अवर मरीन टेस्ट साइट." मागून एक म्हैस चालली होती.

पाऊस ओसरायच्या आत पॅनेलं वर काढली. चिखल होता, जलपर्णीची मुळं होती. पाइपने धुतल्यावर सगळी स्वच्छ. जावयाचा चेहरा उजळला.

"बघितलंत? झिरो ग्रोथ."

मी कोरं पॅनेल त्याच्यासमोर धरलं. "ह्यावर रंगच नाही, सर. हेही तेवढंच स्वच्छ आहे."

त्याने पॅनेलकडे पाहिलं. त्याला कळलं असं मला अजूनही वाटत नाही. "हे फ्रेममध्ये नको," असं म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं आणि उरलेल्यांचा फोटो काढला. प्रदर्शनात तो फोटो भिंतभर लावलेला होता.

तिथे त्याला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. घोडबंदरच्या बाजूचे एक गृहस्थ, मूळचे तिथलेच, म्हणजे गाववाले. पूर्वी घरची मिठागरं आणि भातखाचरं, आता तिथे टॉवर. आलेल्या पैशातून त्यांनी एक फायबरची बोट घेतलेली आणि ती लग्नाआधीच्या फोटोशूटला भाड्याने द्यायचे. नवरा-नवरी बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभी राहणार, मागे तिवरांचं रान आणि मावळता सूर्य. गळ्यात साखळी, पांढरा शर्ट, बोलणं मोकळं. जावयाने त्यांना रंग फुकट दिला, बदल्यात जाहिरातीला बोट वापरायची. मला त्यांच्या जेट्टीवर पाठवलं, "टेक्निकल सपोर्ट" म्हणून.

मी त्यांना म्हटलं, "खालच्या भागाला हा रंग मी सुचवणार नाही. ह्यात तांबं कमी आहे. पुरेसं तांबं असलेला घ्या, तो लालसर असतो."

"लाल मना नको, मॅडम," ते म्हणाले. "लाल त सगल्या होड्यांना हाय. यो कलर कसा लांबून दिसतंय."

"हा पाण्याखाली जाणार. कोणाला दिसणार?"

"मासल्यांना दिसंल ना," असं म्हणून ते स्वतःच खूप वेळ हसले.

मी तिथेच, त्यांच्या जेट्टीला माझी तीन पॅनेलं टांगू का म्हणून विचारलं. एक कोरं, एक जावयाच्या मोरपंखीचं आणि एक माझं. माझा रंग मी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत केलेला: भरपूर तांबं, सावकाश झिजावा म्हणून राळ, आणि ज्याला आपण विटकरी म्हणतो तसा मख्ख रंग. ते म्हणाले, "टांगा, टांगा. फक्त शूटिंगमध्ये दिसू नका देऊ." एका शिकलेल्या आणि एका न शिकलेल्या माणसाची मतं इतकी जुळलेली मी क्वचित पाहिली आहेत.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी ठाकुर्लीहून निघायचे, ठाण्याला उतरून घोडबंदर रोडची बस धरायचे. नवरा म्हणायचा, पगार कोणी देतंय का याचा. कोणी देत नव्हतं. पण ओहोटीला दोरी वर ओढली, पॅनेल पाण्याबाहेर आलं की मला जे वाटायचं ते कारखान्यात वर्षानुवर्षं वाटलेलं नव्हतं. पहिल्यांदा नुसता बुळबुळीत थर. मग कोऱ्या पॅनेलवर पांढरे ठिपके, कोणी कणी उधळल्यासारखे. पुढच्या खेपेला मोरपंखीवरही तेच ठिपके, थोडे विरळ. जिथे रंग आतून ओला राहिलेला तिथे तो सोलून निघालेला आणि त्या खळग्यांत ते जीव आरामात बसलेले. माझं विटकरी पॅनेल अंगठ्याने पुसलं की खालून साफ. मी ते तीनदा पुसून पाहायचे. जेट्टीवर नवऱ्यामुलाची शेरवानी ओढूनताणून नीट करत असलेल्या फोटोग्राफरला मी वेडी वाटत असणार. मलाही तो शहाणा वाटत नव्हता.

लग्नसराई भरात आली तशी बोट चालेना. इंजिन ओरडायचं आणि बोट जागच्या जागी हलायची. एका जोडप्याचा सूर्य मावळून गेला तरी ती तिवरांपर्यंत पोचली नाही. गाववाल्यांनी जावयाला फोन केला आणि ओहोटीला बोट उतारावर ओढून घेतली. मी आधीच तिथे होते. जावई पांढरे बूट घालून आला आणि चिखलाच्या कडेला थांबला.

बोटीचं पोट पांढरंफटक होतं. बोटभर जागा मोकळी नव्हती, बार्नॅकलवर बार्नॅकल, मधूनमधून कालवं, लोंबणारं शेवाळ, आणि त्यातून पळणारे बारके खेकडे. वास असा की नाकाला पदर लावावा. पाण्याच्या रेषेच्या वर मात्र मोरपंखी रंग झळकत होता.

जावयाने बूट चिखलापासून आणखी मागे घेतले. मग म्हणाला, "अ‍ॅप्लिकेशन मिस्टेक आहे. नीट घासून लावला नसेल."

"आमी लावला, तुमच्या मानसासमोर लावला," गाववाले म्हणाले.

मी दोरी ओढून तिन्ही पॅनेलं वर काढली आणि उतारावर शेजारी शेजारी मांडली. कोरं आणि मोरपंखी यांत आता फरक ओळखू येत नव्हता. विटकरी तेवढं मोकळं होतं.

जावयाने विचारलं, "हे कोणी अ‍ॅप्रूव्ह केलं होतं?"

एवढंच. पॅनेलांकडे त्याने परत पाहिलंही नाही. त्याचा मला राग आला नाही. त्याच्याबद्दल मला जे वाटायचं ते आता सवयीचं झालेलं होतं, रोजच्या चहासारखं. मी माझं पॅनेल पिशवीत घातलं, बाकीची दोन परत पाण्यात सोडली आणि दुसऱ्या दिवशी शेठच्या घरी गेले.

शेठ खुर्चीत बसून होते, गुडघ्यांवर शेक. मी पॅनेल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, तिरकं केलं, अंगठा फिरवला, कडेला नख लावून पाहिलं. पूर्वी लॅबमध्ये करायचे अगदी तसं. काय घातलंय ते मी न सांगताच त्यांनी ओळखलं. "राळ जास्त घेतलीस," म्हणाले. "बरोबर केलंस. झिजलाय सारखा."

मला वाटलं, झालं. आता हाच रंग निघणार.

मग त्यांनी पॅनेल टीपॉयवर उलटं ठेवलं. "काम चोख आहे. पण हे आता कुठे काढू नकोस. त्याने प्रदर्शनात सगळ्यांना सांगितलंय. माझ्या लेकीचा संसार आहे तिथे."

"मग रंग?"

"त्याचं तो बघेल. तू सांभाळून घे जरा."

आतून त्यांच्या पत्नीने चहा आणला. मी तो प्यायले. ज्या माणसाने मला खरं-खोटं ओळखायला शिकवलं त्याने ते अंगठ्याने ओळखून उलटं ठेवलं होतं. जावयाला क्षुद्र समजायला मला कधी कष्ट पडले नव्हते. शेठना तसं समजायला फार जड गेलं. पण समजले. ते मत अजून बदललेलं नाही, आणि त्यांच्या आजारपणात भेटायला गेले तेव्हाही मनात तेच होतं.

जावयाने रंगाचं काय केलं ते सांगायला हवं. डब्यावरचा डॉल्फिन काढला आणि तिथे सूर्य घातला. घर थंड राहावं म्हणून गच्चीवर लावायचा कूल कोट, नीमयुक्त. तो चांगला खपला. डोंबिवलीत, कोपरला, कितीतरी सोसायट्यांच्या गच्च्या मोरपंखी झाल्या. गच्चीवर बार्नॅकल येत नाहीत, त्यामुळे तक्रार कोणी केली नाही. उन्हाळा संपेपर्यंत मी दुसरीकडे नोकरी धरली. निरोपाच्या वेळी त्याने मला गुच्छ दिला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा अ‍ॅटिट्यूड थोडा पॉझिटिव्ह असता ना…" वाक्य त्याने पुरं केलं नाही. मीही मदत केली नाही.

उरलेली दोन पॅनेलं काढायला मी एकदा जेट्टीवर गेले. गाववाल्यांनी बोट गवंड्याच्या पत्र्याने खरवडून घेतलेली. मी पुन्हा एकदा लाल रंगाचं सांगितलं, दुकान कुठलं तेही सांगितलं.

"बघतू," ते म्हणाले. बोटीशेजारी नवे डबे उघडून ठेवलेले होते. दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचे. सोनेरी.

मग त्यांची नजर माझ्या हातातल्या पॅनेलांवर गेली. कवचांनी मढलेली, शेवाळ लोंबणारी, जड. "मॅडम, ही फेकताव का? मना देता? नवरीच्या हातान देतू. फोटोग्राफर बोलतंय, असाच काय तरी पायजे, समुद्राचा."

"वास मारेल," मी म्हटलं. "आठ दिवस जाणार नाही."

"फोटोत वास येत नाय," ते म्हणाले.

मी दोन्ही त्यांना देऊन टाकली. त्यांनी ती नळाखाली धरून प्रेमाने धुवायला घेतली, आणि मी बस पकडायला रस्त्याकडे निघाले.