ऐन श्रावणात कापायला आलेले बटेर

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी करावं, असं निवृत्त न झालेल्या लोकांचं मत असतं. माझ्या मेहुण्याचं मत होतं की मी बटेर पाळावेत. नांदेडला त्याने त्याचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि प्रमाणपत्राला फ्रेमही करून आणली होती. बटेर म्हणजे लावाच, पण रानातला लावा पकडायला बंदी आहे. हा जपानी, घरी पाळून खायचा. पाच-सहा आठवड्यांत कापायला येतो.

"दाजी, कोंबडीपेक्षा जागा कमी, बकऱ्यापेक्षा आवाज कमी," तो म्हणाला. यातलं पहिलं खरं निघालं.

अहमदपूरच्या आमच्या घरात मागची एक खोली रिकामी होती. बायकोने ती दिली, पण मुदतीवर. मुलगी पहिल्या बाळंतपणाला नागपंचमीच्या दिवशी येणार होती.

"पंचमीला खोली मोकळी पाहिजे. पोरीला उकिरड्यात निजवणार न्हाई मी."

बेत सरळ होता. पिल्लं ज्येष्ठात आणायची, आखाडात विकायची. श्रावण लागायच्या आधी आमच्याकडे लोक मटणाच्या दुकानापुढे रांगा लावतात, तेव्हा गिऱ्हाईक शोधायची गरज नव्हती. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी तोंडी शब्द दिले होते.

मग मेहुण्याने उद्घाटन काढलं.

"पिंजराच तर आहे," मी म्हणालो.

"प्रकल्प हाय, दाजी. असाच सुरू केला तर लोक काय म्हणतील?"

प्रमुख पाहुणे म्हणून एक माजी अध्यक्ष ठरले. कशाचे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नसराईमुळे त्यांना तारीख नव्हती. पिल्लांची नोंदणी एकदा पुढे ढकलली, मग आणखी एकदा. शेवटी ते आले, पिंजऱ्याची फीत कापली, शाल-श्रीफळ स्वीकारलं आणि तरुणांनी स्वावलंबी व्हावं यावर बोलले. समोर दिव्याखाली अंगठ्याएवढी पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती आणि खुर्च्यांवर मी आणि माझ्यासारखेच चार निवृत्त. भाषण चालू असताना एक पिल्लू पाण्याच्या थाळीत बुडायला लागलं. त्याला काढून मी थाळीत खडे टाकले. हे प्रशिक्षणात सांगितलं असावं, पण मेहुणा फोटो काढत होता.

पिल्लं वाढली, अगदी वेळेवर. फक्त ती वेळ आता श्रावणातली होती. मी फोन केले.

"सर, श्रावण लागला की!"

"तुम्ही घेतो म्हणाला होतात."

"आखाडात म्हणालो होतो. आता दिवाळीला बघू."

तोवर नर ओरडायला लागले होते. बायको नाकाला पदर लावून दारात उभी राहिली.

"परवा पंचमी हाय."

"माहीत आहे."

"समदी गल्ली श्रावण पाळती का?"

पाळत नव्हती. कोपऱ्यावर चाचांचं शिलाईचं दुकान होतं. माझ्या पँटी गेली कित्येक वर्षं तेच शिवत. त्यांना घरी आणलं. त्यांनी एक बटेर हातात घेऊन छाती चाचपली.

"हे महिनाभर घरात, अन् मला आज सांगून राहिले?"

"घेता का?"

"पुतण्याचा वलीमा हाय, लग्नाची दावत. समदे घेतो. श्रावण तुमचा हाय सर, आमचा थोडाच?"

संध्याकाळी ते टमाट्याचे क्रेट घेऊन आले. पहिल्या ग्राहकाचा सत्कार म्हणून मेहुणा शाल घेऊन हजर.

"उकडून राहिलं, शाल कशाला रे बाबा? ते क्रेट उचल," चाचा म्हणाले. मेहुण्याने उचललं.

दुसऱ्या दिवशी खोली तीनदा फिनेलने पुसली, भिंतींना चुना मारला. पंचमीला मुलगी आली, खोलीच्या दारात एकदा वास घेतला आणि आपली उशी आमच्या खोलीत घेऊन गेली. तेव्हापासून आम्ही दोघं मागच्या खोलीत झोपतो. खोली ठरल्या दिवशी मोकळी झाली होती, एवढं बायकोही मान्य करते. दिवा मालवल्यावर, खिडकीकडे तोंड करून.