काळ्याची पारख

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. शोरूममधल्या दिव्यांचं बटण माझ्या पाठीमागेच होतं.

मामा टीव्ही बघायला आले की दोन्ही तळव्यांचा आडोसा डोळ्यांभोवती धरून टीव्हीच्या पडद्याला नाक लावायचे. "रंग नका दाखवू साहेब. काळा दाखवा." सोलापुरात चादरींचं सूत रंगवण्यात हयात गेलेली. "लाल कुणीबी देतंय. काळ्याला रंगारी लागतोय की."

एकदा त्यांच्या हातून काळा कच्चा राहिला, तर व्यापाऱ्याकडे स्वतःच सांगायला गेले. "त्याला धुतल्यावर कळण्यापरीस आपणच सांगावं," म्हणाले.

टीव्ही त्यांना बायकोसाठी हवा होता. तिची नजर अधू, उजेड सोसायचा नाही, म्हणून पडदे ओढून बसायची. अशा अंधाऱ्या खोलीला ओएलईडीच हवा. त्यात काळ्या जागी ठिपका पुरता विझतो, एलईडीत मागचा उजेड पाझरत राहतो. दुकानाच्या लखलखाटात मात्र दोन्ही सारखेच वाटतात, तुम्हीही पाहिलं असेल. ते ओएलईडी घ्यायला तयार होते. आमच्या गोदामात जुने एलईडी पडून होते.

"दिवे घालवा की जरा."

"नाही घालवता येत मामा. बटण मालकांच्या केबिनमध्ये आहे."

"मग तुमीच सांगा. दोन्हीचा काळा सारखाच हाय?"

"सारखाच."

"बास. तुमचा शब्द."

एलईडी बसवायला मीही गेलो. पडदे ओढलेले, टीव्हीवर रात्रीचं आभाळ.

"हे राखेगत का दिसतंय हो?" त्यांच्या बायकोनं, मावशींनी विचारलं.

मी म्हणालो, "टीव्ही बरोबर आहे मावशी. डोळे दाखवून घ्या एकदा."

"दिसायचं अजून कमी झालं म्हणायचं," त्या पुटपुटल्या आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

मामांनी तळव्यांच्या आडून पडदा बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहत थांबले. मी खोक्यातला थर्माकोल गोळा करत राहिलो.

"चहा घेऊन जावा," एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी मामा वारले. भेटायला गेलो, तर टीव्हीवर चादर घातलेली.

"त्या दिवसापासनं बघायचं सोडलं मी," मावशी म्हणाल्या. "हे म्हणायचे, तुझे डोळे बरे हायेत, टीव्हीच तसा हाय. मला बरं वाटावं म्हणून. दुकानातला माणूस कशाला खोटं बोलंल?"

मी चहा संपवला आणि उठलो.

मावशी, त्या दिवशी तुमचे डोळे बरोबर होते. हे एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.