माझं मानपत्र मीच लिहिलं

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, कळवण्यात येते की खाली सही करणारा इसम आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाखाली नसून, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी एक गोष्ट कबूल करणार आहे. कृपया शांतता राखावी. मागच्या रांगेतल्यांनी खाली बसावे.

बघा – अजून मी सूत्रसंचालनच करतोय. सवय जात नाही.

तर, ही गोष्ट मी कधीच कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही. आई आष्ट्याच्या घरी होती तोवर तिलाही नाही, आणि तिला तर मी काय खाल्लं तेसुद्धा सांगायचो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल. किंवा आता सांगताना आवाज चढवावा लागणार नाही म्हणून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोयनानगरच्या खालच्या अंगाला एका गावात हायस्कूल होतं, तिथं मी विज्ञान शिकवायचो. म्हणजे, नेमणूक विज्ञानाची होती. माझा खरा विषय माईक. गुणगौरव समारंभ जवळ आला की माझ्याशिवाय पान हलायचं नाही. दहावीत पहिल्या आलेल्या पोरीपासून निवृत्त होणाऱ्या क्लार्कपर्यंत सगळ्यांची मानपत्रं मी लिहायचो आणि मीच वाचायचो. क्लार्कना मी एकदा 'कागदपत्रांच्या रणांगणातला अजिंक्य योद्धा' म्हटलं होतं. ते रडले होते हो. गंमत वाटते ना? मलाही वाटायची.

आमच्या भागात जमीन हलते. धरण जवळ, त्यामुळे वर्षातून दोन-चार वेळा भांडी वाजतात. लोक हातातला चहा संपवून मग बाहेर येतात. शाळेत एक कांबळेमामा होते. हुद्दा शिपाई, पण बारा वर्षं प्रयोगशाळा तेच सांभाळत होते. त्यांनी एकदा गवंड्याचा ओळंबा घेतला, तो लाकडी चौकटीत टांगला, त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचं कडं बसवलं, आणि शाळेची जुनी विजेची घंटा त्याला जोडली. जमीन हलली की ओळंबा कड्याला लागायचा आणि घंटा वाजायची. साधं होतं. इतकं साधं की ते मला, विज्ञानाच्या शिक्षकाला, सुचलं नव्हतं.

आठवीतल्या शोभानं ते विज्ञान प्रदर्शनात मांडलं. साताऱ्याला, जिल्ह्यात पहिलं आलं. माझं योगदान? मी त्या यंत्राला 'धरणीमित्र' असं नाव दिलं आणि तक्त्यावर अक्षरं काढली. संपलं.

आता पहिलं खोटं. खोटं म्हणू का त्याला? प्रदर्शनाच्या अर्जात 'मार्गदर्शक शिक्षक' असा रकाना होता. शिपायासाठी रकाना नव्हता. मी पेन हातात घेऊन घुटमळलो, तर कांबळेमामाच म्हणाले, "लिवा की तुमचं. माझं लिवायला खानाच न्हाई तितं. फकस्त संस्थेच्या मीटिंगीत माझ्यासाठी येक शबूद टाका म्हंजे झालं."

प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी होती. मामा दहावी पास होते, कायद्यात बसत होते, आणि त्या जागेवर त्यांचा जीव होता. एक शब्द. मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. हात ठेवायला मला नेहमीच आवडायचं.

तो शब्द मी टाकला नाही. त्या वर्षीच्या गुणगौरव समारंभानंतर आठ दिवसांनी मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, ज्याला वस्तू नीट आणता येत नाही त्याच्या ताब्यात काचसामान कसं द्यायचं? मग मला विचारलं, तुमचं काय मत? मी म्हणालो – मला माझेच शब्द आठवतात, दुसऱ्या कुणाचे आठवत नाहीत – 'आपण ठरवाल ते योग्यच असेल.' जागा दुसऱ्याला गेली. मामा शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. त्यांचं मानपत्र लिहायचं ठरलं तेव्हा मी बदली घेऊन सांगलीकडे आलेलो होतो. मी ती बदली मुद्दाम मागितली होती, हेही इथेच सांगून टाकतो.

पण 'वस्तू नीट आणता येत नाही' हे सेक्रेटरींना कुणी सांगितलं? हेच तर सांगायचंय. आणि याच्याचभोवती मी मघापासून फिरतोय.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात हेडमास्तर म्हणाले, या वर्षी मार्गदर्शक शिक्षकाचाही सत्कार करायचा, मानपत्रासकट. मग हसले. "तुमचं तुम्हीच लिहा बाबा. आमच्या हातनं 'कर्तव्यदक्ष'च्या पुढं काय जात नाही."

मी लिहिलं. काय लिहिलं असेल? 'स्वतःच्या हातांनी तार अन् तार जुळवून' असं लिहिलं. 'अहोरात्र' लिहिलं. लिहिताना हात थांबला का? एकदा थांबला, पण तो 'अहोरात्र'मधला 'हो' सुबक यावा म्हणून.

आणि वाचणार कोण? दुसरं कुणी वाचणारंच नव्हतं. भर मांडवात, चार-पाचशे माणसांपुढे, मी माझंच मानपत्र वाचलं. 'सरांनी', 'सरांच्या', 'सरांना' असं, जणू सर कुणी दुसरेच होते. मग माईक खाली ठेवला, चार पावलं चालत व्यासपीठाच्या मध्यभागी गेलो, शाल घेतली, आणि चार पावलं परत येऊन 'सरांचं पुन्हा एकदा अभिनंदन' म्हणालो. लोक हसले, प्रेमानं हसले. आयुष्यात इतका देखणा प्रवेश मी केला नव्हता.

मग प्रमुख पाहुणे म्हणाले, यंत्र वाजवून दाखवा.

कांबळेमामा व्यासपीठाच्या कडेला नारळांचं ताट घेऊन उभे होते. 'धरणीमित्र' टेबलावर होता. मी टेबल हलवलं. ओळंबा कड्याला लागला. घंटा नाही. पुन्हा हलवलं. घंटा नाही. चौकट उलटसुलट पाहिली – सेल कुठे बसवलेत हेसुद्धा मला माहीत नव्हतं. पुढच्या रांगेतून शोभा माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं. ती फक्त बघत होती, आणि ती बोलली नाही, याचा मला आनंद झाला. चौदा वर्षांच्या पोरीच्या गप्प बसण्याचा आनंद. शाल खांद्यावरून घसरत होती आणि ती सावरायला हात मोकळा नव्हता. पाहुणे वाट पाहत होते. सेक्रेटरी घड्याळ पाहत होते. माईक तोंडासमोर, आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्यात घालायला माझ्याकडे काही नव्हतं.

बाहेर पडायला वाट नव्हती असं नाही. होती. 'हे मामांनी केलंय, त्यांना बोलवा.' इतकंच. मामा आठ फुटांवर होते.

मी हसून माईकमध्ये म्हणालो, "आमच्या कांबळेमामांनी आणताना कुठंतरी आपटलेलं दिसतंय."

हशा झाला. मांडवभर.

तिथं कांबळे नसते, पाटील नावाचा शिपाई उभा असता, तर हेच वाक्य इतक्या सहज आलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. उत्तर लगेच आलं होतं.

मामांनी ताट खाली ठेवलं. वर आले. चौकटीच्या मागची फळी सरकवली आणि सेलच्या टोकाशी दाबलेली कागदाची घडी काढली. सेल उतरू नयेत म्हणून मामा ती घडी रोज घालत आणि रोज काढत. टेबलाला नुसतं बोट लावलं. घंटा खणखणली. मी दोन्ही हात वर करून टाळ्या मागितल्या, आणि मला त्या मिळाल्या. भरपूर मिळाल्या. पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला.

टाळ्या सुरू व्हायच्या आधी, घंटा वाजत असताना, मामांच्या तोंडून एक वाक्य निसटलं. चिडून नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं. मांडवाला ऐकू गेलं नाही. व्यासपीठावर सगळ्यांना गेलं, आणि सगळे आपापल्या नारळाकडे बघायला लागले.

"आवं सर, माझ्या हातानं केलंय त्ये. मी कशाला आपटीन?"