आईनं इटलीतलं ठिबक दुरुस्त केलं

दोस्तहो, दोन तासांपूर्वी जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

यंदा युरोपातला उन्हाळाभर मी इटलीत ग्राफिक डिझायनर म्हणून काम करतेय. इथल्या टोमॅटो पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला डब्यावर छापायला त्यांच्यातल्याच एक शेतकरी रोझाबाईंचा हसरा फोटो आजच हवा होता. बाई सत्तरीच्या. पाऊस नाही, कालव्याचं पाणी आठवड्यातून एकदाच, म्हणून तोंड फुगवून बसलेल्या. तासभर कॅमेरा धरला, पण हसू काही येईना.

तेवढ्यात गावाकडून, चकलांब्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. ती कपाशीतच उभी होती. तिला माझ्यामागे रोझाबाई दिसल्या.

"ही बाई कावून रुसली गं?"

"पाऊस न्हाई म्हणून."

"मंग हितं तरी कुठं हाय? सांग तिला!"

मी सांगितलं. आईनं लगेच आपलं ठिबक सिंचन दाखवलं. रोझाबाईंनीही त्यांची नळी फोनपुढे धरली. नळीची भोकं बुजली होती. नळीचं टोक उघडून गाळ कसा काढायचा, ते आईनं करून दाखवलं. रोझाबाईंनी टाकीचं पाणी सोडून टोक उघडलं, आणि सगळा गाळ माझ्या पांढऱ्या शर्टावर! दोघी खो खो हसल्या. मी पटकन फोटो काढला.

फोन ठेवताना आई म्हणाली, "तिला म्हणावं, माझ्या लेकीला जेवू घाल."

हे मी इटालियनमध्ये सांगितलं. घरच्या आठवणीनं कित्येक दिवस नीट जेवलेच नव्हते. रोझाबाईंनी हाताला धरून घरात नेलं आणि समोर ताट वाढलं.

घरापासून लांब असताना तुम्हाला असं कुणी वाढलं होतं?