लॅमिनेट केलेलं पहिलं पान

अकोल्याच्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. बाबांचं मूत्राशय आतून दिसत होतं. गुलाबी, ओलं, आणि एका कडेला फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ.

"कॅन्सर असण्याची शक्यता जास्त आहे," ते म्हणाले. "आठवडाभरात या. गाठ खरवडून काढू, तपासणीला पाठवू. थांबू नका."

या तपासणीला सिस्टोस्कोपी म्हणतात. लघवीच्या मार्गातून बारीक दुर्बीण घालून मूत्राशय पाहतात.

आम्ही सात आठवडे थांबलो. त्याला दोन माणसं जबाबदार आहेत. त्यातली एक मी.

बाबा कामरगावला लाइनमन आहेत. लघवी पहिल्यांदा लाल झाली तेव्हा काहीच दुखलं नाही, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दिवसभर उन्हात खांबावर चढतो, उष्णता झाली असेल, असं म्हणून ते सब्जा प्यायले. रक्त आपोआप थांबलं. महिन्याने परत आलं, तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं आणि आम्ही अकोल्याला गेलो. तुमच्या घरी असं एकदाच झालं तरी डॉक्टरांना दाखवा. रक्त थांबलं म्हणजे आजार थांबला, असं नसतं.

अकोल्याहून परतलो त्याच आठवड्यात काकांना कारंजातल्या एका दुकानाचा पत्ता मिळाला. तिथला माणूस कॅन्सरवर पावडर देतो म्हणे. बाबांना घेऊन आम्ही तिथे गेलो. भिंतीवर एका इंग्रजी शोधनिबंधाचं पहिलं पान लॅमिनेट करून लावलेलं होतं. विषय होता प्रोटियासोम आणि मूत्रमार्गाचे कॅन्सर.

"आपली पावडर हेच काम करते," तो माणूस म्हणाला. "इदेशातल्या डाक्टरनं लिवलं हाय, मी नाई."

काकांनी पान खाली उतरवून माझ्या हातात दिलं. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून इंग्रजीतला प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. रविवारी विहारात वंदना झाली की कुणी रिपोर्ट घेऊन येतं, कुणी बँकेचं पत्र. मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून मी पटकन एक वाक्य सांगते आणि सुटका करून घेते.

"वाच नं पोरी," काका म्हणाले. "का कॉन्व्हेंटवाल्या बाईले चष्मा पाह्यजे?"

मला निम्मे शब्द कळले नाहीत. ते कबूल करायची लाज वाटली. मी म्हणाले, "हो, कॅन्सरच्या पेशी मरतात असं लिहिलंय."

बाबांचा चेहरा सैल झाला. "मंग कापाकापी कायले करायची?"

मी त्या पानाचा फोटो काढला आणि काकांनी महिन्याभराची पावडर बांधून घेतली.

सहाव्या आठवड्यात लघवीतून रक्ताच्या गाठी पडू लागल्या. बाबा मोरीत भिंतीला धरून उभे राहायचे आणि आम्हाला कळू नये म्हणून नळ सोडून ठेवायचे. त्या दिवशी मी तो फोटो मोठा करून पुन्हा वाचला. या वेळी प्रत्येक शब्द शोधून. पानाच्या तळाशी संशोधक बाईंचा ई-मेल छापलेला होता. इतके दिवस तो माझ्या फोनमध्येच होता.

मी लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, सोबत अख्खा निबंध.

त्यातून मला समजलं ते असं. प्रोटियासोम म्हणजे पेशीतली कचरा दळायची चक्की. पेशीतली बिघडलेली प्रथिनं तिच्यात दळली जातात. ती चक्की बंद पाडली तर आत कचरा साचतो आणि कॅन्सरची पेशी मरू शकते. हे खरं आहे. रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरवर अशी औषधं देतातही. पण या निबंधातलं सगळं काम प्रयोगशाळेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवरचं होतं, माणसांवरचं नव्हतं. आणि पावडरीचा तर त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. बाईंनी स्पष्ट लिहिलं होतं की हा तुमच्या वडिलांचा उपचार नाही, उशीर न करता शस्त्रक्रिया करून घ्या.

मी ते बाबांना मराठीत वाचून दाखवलं. दुकानात मी चुकीचं वाचलं होतं, हेही सांगितलं.

"म्हंजे बाई खरी हाय," बाबा म्हणाले. "लबाड तो पावडरवाला हाय."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते मला जास्त लागलं.

अकोल्यात गाठ दुर्बिणीने काढली. तपासणीचा अहवाल यायला आठ दिवस लागले. दवाखान्याच्या बाकावर बसून मी समोरच्या फरशीचे तुकडे कितीदा मोजले असतील. अहवालात मसल इन्वेजिव्ह असा शब्द होता. म्हणजे कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूत शिरला होता. मूत्राशय काढावं लागलं.

"आधी आला असतात तर ते वाचलं असतं का, मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण थांबायला नको होतं."

आता बाबांच्या पोटावर लघवीची पिशवी असते. ते शर्ट बाहेर काढून घालतात. खांबावर चढत नाहीत, ऑफिसात बसून तक्रारी लिहून घेतात. ते आहेत. डॉक्टरांचे, नर्सचे आणि कधी न भेटलेल्या त्या बाईंचे आभार मानल्याशिवाय मला हे लिहिता येणार नाही.

पण नुसते आभार मानून माझा राग गेला नाही. मागच्या महिन्यात मी एकटी कारंजाला गेले. पान तिथेच होतं, नवीन चौकटीत. बाकावर एक नवरा-बायको अकोल्याचाच रिपोर्ट घेऊन बसले होते.

"याचं दुसरं पान दाखवा," मी म्हणाले.

"येवढंच हाय, ताई."

"नाही. नऊ पानं आहेत." मी सगळी टेबलावर ठेवली. मग त्या दोघांकडे वळून, मला येईल तेवढ्या मोठ्या आवाजात, एकेक पान मराठीत सांगत गेले. जिथे कळत नव्हतं तिथे म्हणाले, हे मला कळत नाही.

"तुमी डाक्टर हाय का?" दुकानदार चिडून म्हणाला.

"नाही. म्हणूनच तर मागे चुकले. माझ्या बाबांचं मूत्राशय गेलं त्यात."

मग बाकावरच्या बाईने नवऱ्याच्या हातातला रिपोर्ट घेतला, घडी करून पिशवीत ठेवला आणि मला विचारलं,

"अकोल्याची गाडी किती वाजता हाय, बाई?"