नलिनीमावशींचं एकुलतं मत

मृणालचा फोन आला तेव्हा मी व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. "दादा, आई गेली," एवढंच ती म्हणाली... नलिनीमावशी झोपेतच गेल्या होत्या. मतदानाला आठवडाही उरला नव्हता, आणि माझ्या मनात आधी आलं ते हेच. कुणाला विचित्र वाटेल. मावशींना ओळखणाऱ्यांना वाटणार नाही.

मावशी नागपूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. अमेरिका न बघता अमेरिकेची राज्यघटना त्यांनी आयुष्यभर शिकवली. निवृत्तीनंतर त्या इथे आपल्या मुलीकडे, मृणालकडे, म्हणजे आमच्या शेजारी, राहायला आल्या आणि मी त्यांचा बिनपगारी ड्रायव्हर झालो. वॉशिंग्टनला सिनेटचं कामकाज बघायला नेलं, तर सभागृह ओस. एक सिनेटर रिकाम्या खुर्च्यांपुढे तावातावानं बोलत होता. मला जांभया येत होत्या, मावशी मात्र सज्जात शेवटपर्यंत बसल्या. "कोणीतरी ऐकायला पाहिजे ना रे," म्हणाल्या. परतताना गाडीत त्यांचा तास सुरू झाला: आधी मत होतं ते बहुतेक मालमत्तावाल्या गोऱ्या पुरुषांनाच, गुलामगिरी संपल्यावरही काळ्या माणसांना मतदानाच्या दारातून परत पाठवलं, बायकांना पिढ्यान्‌पिढ्या झगडावं लागलं... मी ट्रॅफिककडे बघत हं हं करत होतो.

मत ही त्यांची दुखरी जागा होती. नागपुरात त्यांनी एकही निवडणूक चुकवली नव्हती. इथे ग्रीन कार्डावर मत नाही, आणि मतासाठी नागपूरला जाणं गुडघ्यांना झेपेना. "मी आता कुठलीच नाही रे," एकदा म्हणाल्या. तरी नागरिकत्व घ्यायला मन धजेना. भारताचा पासपोर्ट सोडणं म्हणजे काय, हे त्यांनी मला समजावून सांगायची गरज नव्हती. शेवटी घेतलं. शपथेनंतर पार्किंगमध्ये खूप रडल्या, मग डोळे पुसून विचारलं, "आता मत कधी?"

व्हर्जिनियात निवडणुकीच्या आधीही मत देता येतं. मीच घेऊन गेलो. मतपत्रिका यंत्रात सरकवली आणि मावशींनी सवयीनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं, शाईसाठी. तिथल्या बाईंना काही कळेना. त्या बाईंनी हात मिळवावा तसं ते बोटच धरून हळूच हलवलं आणि म्हणाल्या, "थँक यू, डिअर." मावशी घरापर्यंत हसत होत्या. "शाईशिवाय विश्वास कसा ठेवतात रे हे लोक?"

अंत्यसंस्कार झाल्यावर मृणालनं विचारलं, "दादा, आईचं मत... कॅन्सल करतील का?" मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं निवडणूक कार्यालयात गेलो. तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं की मत यंत्रात गेलं की ते कुणाचं हे ओळखता येत नाही, बाहेरही काढता येत नाही. ते मोजलं जाणार. मृणाल गाडीत येऊन बसली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली. मलाही आवरलं नाही.

निकाल लागून आता काही आठवडे झाले. मावशींनी कुणाला मत दिलं ते मुलीलाही सांगितलं नव्हतं. मी खोदून विचारलं तर "गुप्त म्हणजे गुप्त" म्हणून गप्प केलं. त्यामुळे त्यांचा उमेदवार जिंकला की पडला, आम्हाला कधीच कळणार नाही. एरवी मी फक्त जिंकलेल्याचा आकडा बघतो. या वेळी हरलेल्याचाही नीट वाचला. दोन्हींपैकी एकात मावशी आहेत.