डोसांच्या पट्टीवरचा जबाब

खोपटच्या दवाखान्यातले कंपाउंडर बोलताना कधी वर बघत नसत. औषधाच्या बाटलीला चिकटवायच्या कागदी पट्टीवर डोसांच्या खुणा कातरणं चालूच असे. क्षयासाठी मला रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई तेच टोचत. दुसऱ्या महिन्यात मी म्हणालो, "कान वाजतायत हो सारखे."

"वाजणारच! औषध लागू पडतंय." कात्री थांबली नाही. डॉक्टरांना सांगावं असं त्यांना वाटलं नाही, आणि मलाही.

क्षय बरा झाला, पण त्या सुईने दोन्ही कान गेले. वकिलांनी कागदावर लिहून दिलं, "दवाखान्यावर दावा लावता येईल. पण तुम्ही तेव्हाच तक्रार केली होती, याला साक्षीदार हवा."

तो कागद मी कंपाउंडरांपुढे ठेवला. त्यांनी कात्री खाली ठेवली, कागद दोनदा वाचला. आत डॉक्टर बसलेले दिसत होते. मग बाटलीचीच एक पट्टी ओढून त्यांनी लिहिलं, "कान वाजतात हे यांनी मला सांगितलं होतं. मी डॉक्टरांना कळवलं नाही." खाली पूर्ण सही केली.

पट्टी देण्याआधी सवयीने तिच्या कडेला सहा डोसांच्या खुणा कातरल्या. कातरताना ते काहीतरी बोलत होते. काय, ते लिहून द्या म्हणायचा धीर मला झाला नाही.